सस्पेंड करताना डिस्क का गुदमरते: केव्हीएमवरचं एक उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयात लिनक्सचा एक सर्व्हर आहे: ६४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), आणि त्यावर केव्हीएमची (लिनक्सच्या कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) सात व्हर्च्युअल मशीन. सातही मशीनची मिळून रॅम ४४ जीबी. वीज गेली की यूपीएसकडून निरोप येतो आणि स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट सातही मशीन एकदम सस्पेंड करून डिस्कवर साठवायला घेते. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, साठवायला पंचवीस लागतात. मधल्या वेळात ज्या मशीन अजून थांबलेल्या नाहीत, त्यांच्यात ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय’ अशा ओळी येतात. नुसत्या डिस्कची चाचणी घेतली तर मात्र सेकंदाला १३० एमबी वेग मिळतो. मग डिस्क बदलायची का?

इतक्यात नको. आधी हिशेब मांडू. ४४ जीबी म्हणजे सुमारे ४५,००० एमबी. ते १३० च्या वेगानं सलग लिहिलं तर पावणेसहा मिनिटांत संपतं. तुम्हाला पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे प्रत्यक्षात वेग ३० च्या आसपास पडतोय. डिस्क १३० देते हे तुम्हीच मोजलंय. तेव्हा वरचे शंभर कुठे गळतात ते शोधायला हवं. एसएसडी लावली तर आकडा सुधारेल, पण गळती तशीच राहील आणि दोन-तीन मशीन वाढली की पुन्हा तीच अडचण येईल.

तुमच्या वर्णनावरून मला तीन गळत्या दिसतात: सात फायली एकाच वेळी लिहिणं, होस्टच्या (म्हणजे मूळ सर्व्हरच्या) पेज कॅशमधून, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो त्या रॅममधून, लिहिणं आणि होस्टचा स्वॅप, म्हणजे रॅममधून डिस्कवर हलवलेला भाग. यातली तिसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ तीच खाते.

आधी आत काय घडतं ते पाहू. व्हर्श म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या साधनाचा आदेश-प्रोग्राम. त्याच्या सस्पेंड आदेशानं मशीनचे सीपीयू फक्त थांबतात. रॅम होस्टच्या रॅममध्येच राहते, डिस्कवर काही जात नाही. सेव्ह आणि मॅनेज्डसेव्ह मात्र मशीन थांबवून तिची सगळी रॅम आणि उपकरणांची अवस्था एका फायलीत ओततात आणि मग क्यूएमूची (प्रत्यक्ष मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रक्रिया बंद करतात. तुमची स्क्रिप्ट हे दुसरं काम करते. क्यूएमूच्या दृष्टीनं हे स्थलांतरच असतं, फक्त पलीकडे दुसरा होस्ट नसून फाइल असते. क्यूएमू रॅमचं एकेक पान (छोटा ठरावीक तुकडा) वाचतं, एका पाइपमध्ये टाकतं, आणि लिबव्हर्टचा आयओहेल्पर नावाचा छोटा प्रोग्राम ते पाइपमधून घेऊन फायलीत लिहितो.

थांबवण्यातही एक पायरी आहे. सीपीयू थांबले की क्यूएमू चालू असलेलं सगळं आयओ पूर्ण होऊ देतं आणि मग मशीनच्या प्रत्येक डिस्कला फ्लश, म्हणजे साचलेलं सगळं डिस्कवर उतरवायचा आदेश, पाठवतं. मशीनची डिस्क ‘राइटबॅक’ कॅश पद्धतीनं लावलेली असेल, तर तिचं बरंच लेखन होस्टच्या रॅममध्ये पडून असतं आणि ते सगळं या क्षणी डिस्कवर उतरावं लागतं. कधी कधी नुसता पॉज द्यायलाही दहा-वीस सेकंद लागतात ते यामुळे. रॅम लिहायला अजून सुरुवातही झालेली नसते.

आता गळत्या एकेक करून घेऊ.

सात सेव्ह एकदम सुरू केले की फिरत्या डिस्कचं डोकं सात फायलींच्या मध्ये इकडून तिकडे धावत राहतं. ७२०० आरपीएमची डिस्क सलग लिहिताना शंभर-दीडशे एमबी देते, पण विखुरलेल्या जागी जेमतेम शंभर हालचाली करते, त्याहून जास्त नाही. शिवाय तुमच्या स्क्रिप्टमध्ये अजून न थांबलेली मशीन आपलं नेहमीचं काम करतच असतात: डेटाबेस लिहितोय, लॉग पडताहेत. नळावर टँकर लागला की मागे कळशी घेऊन उभ्या असलेल्यांची जी गत होते, तीच या छोट्या लेखनांची होते. प्रत्येकाला हवं असतं जेमतेम ४ केबी, पण पुढे गीगाबाइटचा लोंढा असतो. लिबव्हर्टबरोबर येणारी लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सेवा मशीन एकापाठोपाठ एकच साठवते. म्हणजे स्क्रिप्टमधल्या ‘एकदम’नं काम लवकर होण्याऐवजी लांबलं आहे. एसएसडीवर हे एवढं जाणवत नाही, फिरत्या डिस्कवर निर्णायक ठरतं.

दुसरी गळती पेज कॅशची. खास सांगितलं नाही तर सेव्हची फाइल होस्टच्या पेज कॅशमधून लिहिली जाते. डर्टी म्हणजे कॅशमध्ये साचलेला, डिस्कवर न उतरलेला डेटा. लिनक्समध्ये त्याची कमाल मर्यादा, डर्टी_रेशो, मुळात २० टक्के आणि मागून लिहायला सुरुवात करायची मर्यादा, डर्टी_बॅकग्राउंड_रेशो, १० टक्के असते. हे टक्के एकूण रॅमचे धरले जात नाहीत, मोकळी रॅम आणि परत घेता येण्याजोगी कॅश यांच्या बेरजेवर मोजले जातात. तुमच्याकडे मशीनांना दिल्यावर साधारण १६ जीबी उरतात असं धरू. त्याचे २० टक्के म्हणजे ३ जीबीच्या थोडं वर. एवढा डेटा ‘लिहिला’ असं सांगून प्रत्यक्षात रॅममध्येच थांबू शकतो, आणि तो डिस्कवर उतरवायला १३० च्या वेगानंही पंचवीस सेकंद जातात. मर्यादा ओलांडली की कर्नल लिहिणाऱ्यांना जबरदस्तीनं थांबवतं, आणि या थांबवण्यात फक्त सेव्ह करणारा सापडत नाही. राइटबॅकवर चालणारी दुसरी मशीनही त्याच तडाख्यात येतात. त्यातल्या कुणी एफसिंक (माझं लेखन आत्ताच डिस्कवर उतरवा) मागितला तर तो फाइलसिस्टिमच्या जर्नलमागे (बदलांच्या नोंदवहीमागे) आणि डिस्कच्या रांगेमागे उभा राहतो. १२० सेकंदांची ती ओळ इथून येते. गेस्टचं (आतल्या मशीनचं) कर्नल आजारी नसतं, त्याचं एक लेखन होस्टवर रांगेत अडकलेलं असतं.

शिवाय ही कॅश कुणाच्याच उपयोगाची नाही. मशीन बंद होणार, होस्ट बंद होणार. सेव्हची फाइल लगेच पुन्हा कुणी वाचणार नाही. तरीही ती कॅशमध्ये भरते, आणि भरताना उपयोगी पानं बाहेर ढकलते. त्यातूनच पुढची गळती वाढते.

स्वॅपकडे आता नीट पाहा. ६४ जीबीपैकी ४४ मशीनांना दिलेत, तर स्वॅप कशाला लागेल, असं वाटणं साहजिक आहे. पण स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती झुकतं त्याचं मूल्य) मुळात ६० असतो, आणि रात्रीचा बॅकअप मशीनांच्या डिस्क इमेज (मशीनची डिस्क म्हणून वापरलेल्या फायली) पेज कॅशमधून वाचत असेल, तर त्या वाचनाला जागा करून देण्यासाठी कर्नल कित्येक तास न वापरलेली पानं स्वॅपमध्ये टाकतं. दिवसा फारसं काम नसलेल्या मशीनची रॅम अशी हळूहळू झिरपत स्वॅपमध्ये जाते. एरवी कुणाला कळतही नाही, कारण ती पानं कुणी मागत नाही. सस्पेंड मात्र प्रत्येक पान मागतो. क्यूएमूला ते स्वॅपमधून रॅममध्ये आणावं लागतं आणि मगच फायलीत टाकता येतं.

आणायचा वेग बघा. पेज-क्लस्टर हे मूल्य मुळात ३ असतं, म्हणजे कर्नल एका वेळी ८ पानं, ३२ केबी, वाचायचा प्रयत्न करतं. डिस्कच्या सेकंदाला शंभर हालचाली धरल्या तर सेकंदाला ३ एमबीच्या आसपास पडतात. २ जीबी स्वॅपमध्ये असेल तर वाईटात वाईट स्थितीत फक्त तो परत आणायला दहा-अकरा मिनिटं. पानं स्वॅपमध्ये ओळीनं गेली असतील तर यापेक्षा बरं चित्र दिसेल, पण स्वॅप आणि सेव्हची फाइल एकाच डिस्कवर असेल तर डोकं वाचायला एकीकडे आणि लिहायला दुसरीकडे धावतं, आणि बरं चित्रही बिघडतं. वेग आधी चांगला असतो, मग एखाद्याच मशीनशी तो दोन-तीन एमबीवर येऊन बराच वेळ तिथेच राहतो, असं तुम्हाला दिसलं असेल तर मला दुसरी शंका घ्यायचं कारण उरत नाही.

तपासायला फार साधनं लागत नाहीत. प्रॉक फोल्डरात प्रत्येक क्यूएमू प्रक्रियेच्या स्टेटस फायलीत व्हीएमस्वॅप अशी ओळ असते. ती बघा, कुठल्या मशीनची किती रॅम बाहेर आहे ते केबीमध्ये कळेल. सेव्ह चालू असताना व्हीएमस्टॅट एकेका सेकंदानं चालवा: एसआय रकान्यात सतत आकडे दिसले तर स्वॅपमधून वाचन चालू आहे. प्रॉकमधल्याच मेमइन्फो फायलीतल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी कॅश किती तुंबलीय ते सांगतात. आयओस्टॅटच्या विस्तारित रूपात डब्ल्यू-अवेट (एका लेखनाला लागणारा सरासरी वेळ) पाहा. फिरत्या डिस्कवर तो काही दशक मिलिसेकंदांत असावा, हजारांत गेला तर रांग तुंबलेली आहे. कर्नल ४.२० किंवा नंतरचं असेल तर प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरची आयओ ही फाइल एकाच नजरेत सांगते की गेल्या १० सेकंदांत किती टक्के वेळ कामं आयओसाठी थांबली होती. आणि व्हर्शचा डोमजॉबइन्फो दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालवलात तर त्या मशीनची किती रॅम लिहून झाली आणि किती उरली ते दिसतं. या सगळ्याआधी एमडीस्टॅटही (सॉफ्टवेअर रेडची स्थिती) पाहून घ्या. मागच्या वेळी वीज जाऊन होस्ट तसाच बंद पडला असेल तर रेडचं रिसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवणं) चालू असू शकतं, आणि ते चालू असताना घेतलेल्या कुठल्याही मोजमापाला अर्थ नाही.

आता स्क्रिप्ट. मी ती अशी बांधेन: आधी सातही मशीनांना व्हर्श सस्पेंड द्या, म्हणजे नुसता पॉज. त्यांचे फ्लश उरकतील आणि त्यानंतर एकही मशीन डिस्कला नवं काम देणार नाही. मग एकेका मशीनचा सेव्ह, एक संपल्यावर दुसरा, आणि प्रत्येक सेव्हला बायपास-कॅश हा पर्याय. त्यानं आयओहेल्पर पेज कॅश टाळून ओ_डायरेक्टनं मोठ्या तुकड्यांत लिहितो. डर्टी पानं साचत नाहीत आणि बाकीच्यांची कॅशही शाबूत राहते. एक गोष्ट इथे विसरली जाते: पॉज केलेली मशीन साठवली तर परत उघडताना ती पॉजमध्येच उघडते. म्हणून सेव्हला रनिंग हा पर्यायही द्या. सगळ्यांना आधी पॉज केल्यामुळे शेवटची मशीन काही मिनिटं जास्त बंद राहते, पण वीज गेलेली असताना त्यानं कुणाचं बिघडत नाही. स्वतःची स्क्रिप्ट नको असेल तर लिबव्हर्ट-गेस्ट्सच्या सेटिंग फायलीत बायपास_कॅश १ करा. ती सेवा मशीन एकामागून एकच घेते.

आयओनाइसनं सेव्हला मागे ढकलायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. कॅशमधून लिहीत असताना त्याचा उपयोग नाही, कारण प्रत्यक्ष लेखन कर्नलचे राइटबॅक धागे करतात आणि त्यांना तुमच्या प्रक्रियेचा प्राधान्यक्रम लागू होत नाही. बायपास-कॅश वापरल्यावर आणि बीएफक्यू शेड्यूलर (डिस्कची रांग प्राधान्यक्रमानं लावणारा) असल्यावर तो काम करतो. पण यूपीएसची बॅटरी उतरत असताना सेव्हलाच मागे ठेवणं मला पटत नाही. तसंच मशीनच्या डिस्कवर लावलेली आयओट्यूनची मर्यादाही इथे कामाची नाही; ती गेस्टच्या डिस्कला लागू होते, सेव्हच्या फायलीला नाही.

होस्टवर कायमचे तीन बदल करा. मशीनांच्या डिस्कची कॅश पद्धत ‘नन’वर आणा, म्हणजे गेस्टचं लेखन होस्टच्या कॅशमध्ये साचणार नाही, गेस्टची स्वतःची कॅश असतेच, दोनदा कॅश करून काही मिळत नाही. डर्टी मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये द्या: डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६४ एमबी आणि डर्टी_बाइट्स २५६ एमबी हे तुमच्या डिस्कसाठी बरे आकडे आहेत. बाइट दिले की टक्क्यांची मूल्यं आपोआप शून्य होतात, ती शून्य दिसली म्हणून घाबरू नका. आणि स्वॅपिनेस १० वर आणा. स्वॅप बंदच करावा असं मी म्हणणार नाही. रॅम अचानक कमी पडली तर त्याशिवाय कर्नल थेट एखादी मशीन मारून टाकतं. रात्रीचा बॅकअप कॅश टाळून वाचू शकत असेल तर तसं करा. स्वॅपची मूळ तक्रार त्यानंच बरीच सुटते.

इतकं केल्यावर पंचवीस मिनिटांचं काम सात-आठ मिनिटांत यायला हवं. त्यापुढे वेळ कमी करायचा तर लिहायचा डेटाच कमी करावा लागेल, आणि इथे बराच वाव आहे.

क्यूएमू पूर्ण शून्यांचं पान लिहीत नाही, फक्त त्याची खूण ठेवतं. म्हणून नुकतीच सुरू केलेली ८ जीबीची मशीन दीड-दोन जीबीत साठवली जाते, आणि तीच आठवडाभर चालली की जवळपास पूर्ण ८ जीबी होते. आत फ्री आदेश देऊन पाहिलं तर ५ जीबी मोकळी दिसेल. पण लिनक्सनं सोडलेल्या पानात जुना मजकूर तसाच पडलेला असतो. क्यूएमूला ते भरलेलं पानच दिसतं. त्यामुळे सस्पेंडआधी गेस्टमध्ये नुसते ड्रॉप_कॅशेस करून फायदा होत नाही. कॅश सुटते, पानं शून्य होत नाहीत.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला बलूनचा (गेस्टच्या आत रॅम अडवून ती होस्टला परत देणारं उपकरण): गेस्टमधली कॅश सोडा, मग व्हर्श सेटमेमनं चालू मशीनची रॅम खाली आणा. बलून फुगतो, ती पानं होस्टला परत जातात आणि पुढे वाचली तर शून्य दिसतात. परत सुरू केल्यावर सेटमेमनं रॅम पूर्ववत करायची. फार खाली नेलं तर गेस्टमधलं कर्नल प्रोग्राम मारायला लागतं, म्हणून आतल्या प्रत्यक्ष वापरावर किमान एक जीबी सुटा ठेवा. दुसरा मार्ग फ्री पेज रिपोर्टिंगचा: गेस्टमध्ये लिनक्स ५.७, होस्टवर क्यूएमू ५.१ (दोन्ही २०२० मधली) किंवा पुढचं असेल तर बलून उपकरणाचा हा गुणधर्म चालू करा, मोकळे मोठे तुकडे गेस्ट स्वतःहून होस्टला परत देत राहतो. यानं होस्टवरचा ताणही कमी होतो आणि स्वॅपची वेळ मुळात कमी येते. माझी पसंती यालाच आहे. तिसरा म्हणजे गेस्टच्या कर्नलला इनिट_ऑन_फ्री हा पर्याय देणं, जो लिनक्स ५.३ पासून आहे. सुटलेलं प्रत्येक पान लगेच शून्य होतं, बदल्यात थोडा सीपीयू कायम खर्च होतो. डेटाबेस असलेल्या मशीनवर मी तो लावणार नाही.

केएसएम चालू असेल तर एक वेगळाच धक्का बसतो. एकसारखी पानं एकत्र करून तो होस्टची रॅम वाचवतो, पण सेव्हच्या वेळी प्रत्येक मशीनचं पान वेगळं लिहिलं जातं. होस्टवर ३० जीबी वापर दिसत असताना सेव्हच्या फायली ४० जीबीच्या होऊ शकतात, हे जागा मोजताना धरा. जागा संपली तर सेव्ह फसतो.

फाइल दाबून लिहायची सोय लिबव्हर्टच्या क्यूएमू सेटिंगमध्ये आहे, सेव्ह_इमेज_फॉरमॅट या नावानं. तुमच्या फिरत्या डिस्कसाठी एलझॉप ही दाबण्याची पद्धत करून पाहण्यासारखी आहे. जीझिप टाळा: दाबणारा प्रोग्राम एकाच कोअरवर चालतो, आणि मग डिस्क मोकळी असून सीपीयूची वाट पाहावी लागते. बीझिप-२ आणि एक्सझेड तर या कामासाठी नाहीतच.

सेव्हची जागा बदलणं हा पुढचा आणि पैसे लागणारा उपाय. मॅनेज्डसेव्हच्या फायली लिबव्हर्टच्या व्हार-लिब फोल्डरात जातात, म्हणजे बहुधा रूट फाइलसिस्टिमवर, तुमच्याकडे त्याच दोन डिस्कवर. एक साधी सॅटा एसएसडी फक्त या फायलींसाठी आणि स्वॅपसाठी लावली तर वाचन-लेखनाची ओढाताणच संपते. ती रेडमध्ये असायची गरज नाही; इथे तात्पुरती अवस्था असते, मूळ डेटा नाही. एसएसडी झिजेल अशी काळजी करू नका. रोज एकदा ४४ जीबी लिहिलंत तरी वर्षाला १६ टीबी होतात, आणि साध्या ५०० जीबीच्या एसएसडीचीही हमी त्याच्या कितीतरी पट असते. फक्त स्वस्त क्यूएलसी प्रकार टाळा. त्यांची आतली वेगवान कॅश भरली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो, आणि सलग ४४ जीबी ही ती कॅश भरायला पुरेशी मात्रा आहे. हार्ड डिस्क नव्यानं घ्यायची झाली तर एसएमआर (चकतीवरचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारा) प्रकार या सर्व्हरला नको. आणि कुणाकडे हार्डवेअर रेड कार्ड असेल तर त्याची बॅटरी तपासावी: बॅटरी गेली की कार्ड आपली राइट कॅश बंद करतं आणि लेखनाचा वेग एका रात्रीत कोसळतो. लक्षण तुमच्यासारखंच दिसतं, कारण पूर्ण वेगळं.

तुमच्या स्क्रिप्टबद्दल आणखी एक धोका आहे आणि तो वेगाहून गंभीर आहे. ती सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) सेवा म्हणून होस्ट बंद होताना चालत असेल, तर थांबण्याची मुदत मुळात ९० सेकंद असते. नव्वदाव्या सेकंदानंतर सिस्टिमडी ती मारून टाकतो आणि सेव्ह अर्धवट राहतो. लिबव्हर्ट अशा फायलीवर सुरुवातीलाच अपूर्ण असल्याची खूण ठेवतो, त्यामुळे चुकून ती उघडली जात नाही. पण मशीनची अवस्था गेलीच. ही मुदत ठरवणारं टाइमआउटस्टॉपसेक हे मूल्य अनंत करा. लिबव्हर्ट-गेस्ट्समध्ये तशी व्यवस्था आधीच असते, हे तिचा वापर करण्याचं मला वाटणारं मोठं कारण.

आता थोडं मुळाशी जाऊन विचारतो: सातही मशीन साठवायची गरज आहे का? रॅम साठवण्याचा फायदा तिथे, जिथे रॅममध्ये मोलाचं काही अर्धवट आहे: कुणाच्या डेस्कटॉपवर उघडी कामं, तासन्‌तास चालणारी गणितं. वेब सर्व्हर, फाइल सर्व्हर, डेटाबेस, डोमेन कंट्रोलर यांना नीट बंद होणं जास्त मानवतं. बंद होताना डिस्कवर जातं ते फक्त न लिहिलेलं थोडं. ८ जीबीच्या मशीनचा ८ जीबी नाही. साठवलेला डेटाबेस सर्व्हर दोन तासांनी जागा होतो तेव्हा त्याचं घड्याळ मागे असतं, सगळी नेटवर्क जोडणी मेलेली असते आणि त्याला हे दोन्ही माहीत नसतं. म्हणून तुमच्या जागी मी सातांपैकी सेवा देणारी मशीन बंद करायच्या यादीत टाकेन आणि उघडी कामं असलेली दोन-तीनच साठवेन. लिबव्हर्ट-गेस्ट्सला शटडाउन सांगितलं तर ती अनेक मशीन एकत्रही बंद करू शकते, त्यासाठी पॅरलल_शटडाउन आहे. इथे एकत्र केल्यानं फारसं अडत नाही, कारण लेखन थोडं असतं. साठवलेल्या मशीनांसाठी सिंक_टाइम चालू ठेवा आणि गेस्टमध्ये क्यूएमू गेस्ट एजंट असू द्या, म्हणजे उघडताच घड्याळ जुळवता येतं.

सेव्हच्या फायलीबाबत एक नियम कडक पाळा. ती फाइल डिस्क इमेजच्या त्या क्षणाच्या अवस्थेशी बांधलेली असते. मशीन एकदा उघडून पुढे चालली, आणि नंतर तीच जुनी फाइल पुन्हा उघडली, तर गेस्टच्या रॅममधला फाइलसिस्टिमचा समज जुना आणि डिस्क नवी असं होतं. पहिल्या काही लेखनांतच फाइलसिस्टिम बिघडते. साठवलेल्या मशीनची डिस्क इमेज होस्टवर माउंट करून काही बदलणं, किंवा बॅकअपमधून ती इमेज मागे नेणं, याचाही परिणाम हाच. मॅनेज्डसेव्ह वापरलात तर उघडल्यावर लिबव्हर्ट ती फाइल स्वतः काढून टाकतो. हातानं सेव्ह केलेली फाइल तशीच पडून राहते, ती लगेच पुसा.

क्यूकाऊ-२ (क्यूएमूचा डिस्क-फायलीचा प्रकार) इमेजच्या आतच स्नॅपशॉट म्हणून रॅम साठवणाऱ्यांना याहून मंद अनुभव येतो. रॅम त्याच इमेजमध्ये, नवे क्लस्टर घेत घेत, छोट्या तुकड्यांत लिहिली जाते. सस्पेंडसाठी तो मार्ग वापरू नका. आणि क्यूएमूशी थेट बोलणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट असतील तर स्थलांतराच्या वेगाची मर्यादा पाहा: पूर्वी ती मुळात सेकंदाला ३२ एमबी होती, २०२० अखेरच्या ५.२ आवृत्तीत १२८ झाली. लिबव्हर्ट फायलीत साठवताना ती स्वतःच उठवतो. तुमचा ३० चा आकडा या ३२ च्या संशयास्पद जवळ आहे, पण तो सातही मशीनांचा मिळून आहे आणि तुम्ही लिबव्हर्टमधून जाता. म्हणून इथे मी हे कारण बाजूला ठेवतो.

एनव्हीएमई (अतिवेगवान एसएसडी) डिस्कवाल्यांची अडचण उलटी असते: डिस्क सेकंदाला दोन-तीन जीबी घेऊ शकते आणि सेव्ह त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही, कारण एक धागा, एक पाइप आणि मध्ये एक हेल्पर. क्यूएमू ९.० मध्ये, २०२४ साली, मॅप्ड-रॅम ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक पानाची फायलीतली जागा ठरलेली असते, त्यामुळे अनेक धागे एकाच वेळी लिहू शकतात. लिबव्हर्टच्या अलीकडच्या आवृत्त्या ती वापरतात. तुमच्या फिरत्या डिस्कवर तिचा उपयोग नाही, उलट डोक्याची धावाधाव वाढेल.

तुमच्यापैकी जे विंडोजवर व्हीएमवेअर वर्कस्टेशन वापरतात, त्यांच्याकडे गेस्टची रॅम मशीनच्या फोल्डरातल्या व्हीमेम फायलीला जोडलेली असते. त्यामुळे काम चालू असतानाही डिस्क अधूनमधून खडखडते, पण सस्पेंडच्या वेळी बरंचसं आधीच फायलीत असतं. मेनमेम.यूजनेम्डफाइल बंद केलं की खडखड थांबते आणि सस्पेंड लांबतो, कारण सगळी रॅम तेव्हाच लिहावी लागते. रोज सस्पेंड करणाऱ्यानं ते चालू ठेवावं, क्वचित करणाऱ्यानं बंद. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क कंट्रोलरची होस्ट आयओ कॅश ही खूण पाहा: आयडीई कंट्रोलरला ती मुळात चालू असते, सॅटाला बंद. जुन्या आयडीई मशीन सस्पेंडला अडखळत असतील तर डिस्क सॅटाखाली न्या.

बदल करताना एका वेळी एकच करा: पहिल्या दिवशी फक्त एकापाठोपाठ सेव्ह आणि बायपास-कॅश, आणि वेळ नोंदवा. मग स्वॅप, मग डेटा कमी करणं. चाचणी सुटीच्या दिवशी घ्या, पण मशीन आठवडाभर चाललेली असू द्या. नुकत्या सुरू केलेल्या मशीनवर ना स्वॅप दिसेल ना भरलेली पानं, आणि मिळणारा आकडा खऱ्या वीजकपातीच्या दिवशी उपयोगी पडणार नाही. बदलांआधीचा व्हीएमस्वॅपचा आकडा जरूर लिहून ठेवा. तो दीड-दोन जीबीच्या वर निघाला, तर एसएसडीसाठी ठेवलेले पैसे आधी होस्टची रॅम वाढवायला वापरा.